आजच विकायचं की थांबायचं

बैलगाडीत कापूस आहे, कासरा तुमच्या हातात आहे आणि साल आहे १८७०. घाटावरच्या गावातून तुम्ही रात्रीच निघालात, बोथ्याच्या रानातून घाट उतरलात आणि आता खामगावच्या बाजाराच्या तोंडाशी गाड्यांच्या रांगेत अडकला आहात. पुढे गाड्या, मागे गाड्या, मधे धूळ. जलंबपासून खामगावपर्यंतचा आठ मैलांचा रेल्वेचा फाटा याच वर्षी सुरू झाला. त्यासाठी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो इथवर येऊन गेला. तो का आला, याचं उत्तर तुमच्या गाडीत भरलेलं आहे. इंग्लंडातल्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवा आहे.

या प्रवासात तुम्हाला दीडशे वर्षं चालायचं आहे. दर थांब्यावर साल बदलेल, माल बदलेल, समोर बसलेला माणूस बदलेल. दोन गोष्टी तेवढ्या बदलणार नाहीत. तुमच्याजवळ नुकतंच पिकलेलं काहीतरी असेल, आणि पैसे तुम्हाला आजच लागत असतील.

गाडी पुढे सरकते. दलाल येतो, कापसात कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर बाहेर काढतो, धागा ओढून पाहतो. मुंबईचा भाव त्याला तारेनं कळलेला आहे. तुम्हाला पुढच्या गाडीला काय मिळालं तेवढं ठाऊक आहे. पण सगळं ठाऊक असतं तरी काय करणार होता? पाच वर्षांपूर्वीपर्यंत अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं, तिकडचा कापूस बंद होता आणि वऱ्हाडात चांदी खेळत होती. १८६५ मध्ये लढाई थांबली आणि भाव कोसळले. तेजीत बायकोला केलेले चांदीचे तोडे आता सावकाराच्या पेटीत आहेत. सावकाराचा मुनीम काट्याजवळच उभा आहे. त्यानं तुम्हाला पाहिलंय.

ज्येष्ठात तुम्ही त्याच्याकडून बी नेलं होतं, खायला ज्वारी नेली होती. दिडीनं नेली म्हणजे एका पोत्याचं सुगीत दीड पोतं. हिशेबातली खरी मेख तिथं नाही. ज्येष्ठात ज्वारी महाग असते, तेव्हा तुम्ही घेता. सुगीत ती स्वस्त असते, तेव्हा तुम्हाला फेडावं लागतं. ज्येष्ठातल्या भावानं पैशात फेडायचं म्हटलं तर त्या स्वस्ताईत दीड पोत्याच्या किमतीसाठी किती माल विकावा लागेल, ते तुमचं तुम्ही मोजा. इंग्रजांनी जमिनीची मोजणी केली, सारा ठरवला, शेतावर तुमचं नाव चढवलं. नाव चढलं म्हणून शेत तुमचं झालं, आणि नाव चढलं म्हणूनच ते गहाण टाकता यायला लागलं.

सावकाराला शिव्या देणं सोपं आहे. पण पोरगी तापानं फणफणली तेव्हा मध्यरात्री दार उघडलं होतं ते त्यानंच, आणि कागदही मागितला नव्हता. तुमचं शेत, तुमचे भाऊ, तुमची दारू, तुमचा शब्द, सगळं त्याला माहीत आहे. या माहितीवरच त्याचा धंदा चालतो. शिवाय पैशाहून मोठी एक वस्तू त्याच्याजवळ आहे: तो थांबू शकतो. तुमचा कापूस आज घेऊन वैशाखापर्यंत वखारीत ठेवणं त्याला परवडतं. तुम्हाला उद्या सकाळपर्यंत ठेवणंही परवडत नाही.

अजून पाच वर्षांनी पुणे आणि नगर जिल्ह्यांतले कुणबी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळतील. वह्या जळतील, नड उरेल.

पुढचा थांबा लवकर ओलांडू. साल १९००, संवताच्या छप्पन्न सालचा दुष्काळ. गाडीत काही नाही, दावणीला बैलही नाहीत. विकायला काही नसलेल्या माणसाला बाजारात उभं राहून उपयोग नसतो.

आता १९१३. गावाच्या चावडीत दहा-बारा जण घोंगडीवर बसले आहेत, त्यांत तुम्हीही आहात. सरकारनं १९०४ मध्ये सहकारी पतपेढ्यांचा कायदा केला, १९१२ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा करून पेढ्यांच्या वर मध्यवर्ती बँका काढायची वाट मोकळी केली. साहेबाचा कारकून समजावून सांगतो आहे. जर्मनीत रायफायझन नावाच्या माणसानं खेडूतांच्या अशा पेढ्या काढल्या. दहा जण एकत्र येतात आणि सगळ्यांच्या कर्जाला सगळे जामीन राहतात. गावातल्या पेढीची जबाबदारी अमर्यादित आहे. शेजाऱ्यानं कर्ज बुडवलं तर वसुली तुमच्या घरापर्यंत येऊ शकते.

हे ऐकून अंगावर काटा येतो, पण त्यामागचा विचार पक्का आहे. सावकाराला तुमच्याबद्दल जे ठाऊक आहे तेच चावडीतल्या या दहा जणांनाही ठाऊक आहे. मग त्या माहितीचं व्याज त्यानंच का खावं? गावानं आपली ओळख आपल्याच कामी आणली तर? वऱ्हाडातल्या सहकाराची ही पहिली ठिणगी मला आजही मोलाची वाटते. पुढं ती का विझत गेली, तेही त्या चावडीतच दिसतं. पैसा गावाचा नव्हता, वरून यायचा. नियम गावानं केले नव्हते, वरून आले होते. घोंगडीवर बसलेल्यांनी या पेढीला मनातल्या मनात 'सरकारी' म्हणून टाकलं. सरकारी कर्ज बुडवल्यावर शेजारी बुडतो, हे पटायला फार उशीर लागला. त्यात १९२९ नंतरची मंदी आली, कापसाचे भाव पडले, आणि ज्यांना फेडायचं होतं त्यांनाही फेडता येईना.

१९५१-५२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं देशभर पाहणी केली. गोरवाला समितीच्या त्या अहवालातला आकडा ऐका. शेतकरी जे कर्ज घेत होता त्यातल्या शंभर रुपयांपैकी जेमतेम तीन रुपये सहकारातून येत होते. साठ-सत्तर रुपये सावकाराकडून. कायद्याला तेव्हा जवळपास पन्नास वर्षं होत आली होती.

१९७८ मध्ये तुम्ही उतरता तेव्हा चित्र खूप सुधारलेलं आहे, आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. महाराष्ट्र झालाय, १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा आलाय, गावोगावी सेवा सहकारी सोसायटी आहे. सोसायटीच्या वर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, तिच्या वर मुंबईची शिखर बँक. पेरणीच्या तोंडावर गटसचिव यादी वाचतो, तुमच्या सातबाऱ्यावर पीककर्ज मंजूर होतं, खताची चिठ्ठी मिळते. बियाण्यासाठी दिडीनं ज्वारी उचलायची वेळ गेली. तुमच्या आजोबांना हे सांगितलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला नसता.

पण मार्च महिन्यात थोडं थांबा आणि सोसायटीच्या ओट्यावर बघा. 'नवं-जुनं' चाललंय. कुणाकडून तरी दोन दिवसांसाठी पैसे आणायचे, जुनं कर्ज भरल्याचं दाखवायचं, लगेच नवं उचलायचं आणि ज्याचे आणले त्याचे परत करायचे. ते दोन दिवसांचे पैसे देतो कोण? तोच, ज्याच्यापासून सोडवायला ही सोसायटी काढली होती. कापूस आता राज्य सरकारच घेतं, १९७२ पासून एकाधिकार खरेदी आहे. भाव बांधलेला आहे, पण चुकारा हप्त्यानं येतो. पेरायला पैसे मिळण्याची सोय झाली. पिकल्यावर थांबायची सोय मात्र कुणी केलेली नाही.

आणि ज्याच्या नावावर सातबाराच नाही त्याचं काय? बुलडाणा गावात या. जिल्ह्याचं ठिकाण, घाटाच्या माथ्यावरचं, उन्हाळ्यातही रात्री गार हवा. कचेऱ्या, कोर्ट, एसटी स्टँड, स्टँडबाहेर चहाची टपरी, चपला शिवणारा, भाजीची हातगाडी, शिवणयंत्र घेऊन बसलेली बाई. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये झालं, मोठ्या बँकेची शाखा समोरच आहे. हातगाडीवाला तिच्या दारात जातो तेव्हा त्याला दोन प्रश्न विचारतात: तारण काय आणि जामीनदार कोण. सकाळी शंभर रुपये उचलून संध्याकाळी एकशेदहा देणारा तो माणूस रोज व्याज भरतो, एक दिवसही चुकत नाही. तरी मोठ्या बँकेच्या लेखी त्याला पत नाही.

१९८६ साली तुम्ही याच गावात आहात. राधेश्याम चांडक, ज्यांना सगळा जिल्हा पुढं भाईजी म्हणून ओळखणार आहे, एक नागरी पतसंस्था काढताहेत. नाव बुलडाणा अर्बन. सुरुवातीचे सभासद ७२, भांडवल १२,००० रुपये. भागाकार करून पाहा. सभासदामागे सरासरी १६७ रुपये भरतात. 

या ७२ जणांत स्वतःला उभं करून पाहा. तुमचं किराणा दुकान आहे म्हणू. वर्गणी मागायला आलेल्या माणसाला तुम्ही ओळखता, त्याच्या घरच्यांना ओळखता, म्हणून देता. परत येतील याची खात्री नाही. सोसायट्या बुडालेल्या तुम्ही पाहिल्या आहेत, चेअरमनच्या भाच्याला कर्ज गेलेलं पाहिलं आहे. तरी तुमचा हात गल्ल्याकडे जातो. कारण कर्ज मागायला उद्या जो येईल त्यालाही तुम्ही ओळखणार आहात, आणि त्यानं बुडवलं तर स्टँडवर चहा पिताना तो तुम्हाला रोज भेटणार आहे. १९१३ च्या चावडीतला विचार बाजारपेठेत परत आलाय. या खेपेला फरक एक आहे, आणि मला तो सगळ्यांत मोठा वाटतो: पैसा वरून आलेला नाही. गावातल्या गल्ल्यातून निघालाय, गावातल्याच हातगाडीवर जाणार आहे. कुणी बुडवला तर सरकारचा बुडणार नाही, तुमचा बुडेल.

पतसंस्था वाढतात कशा, ते समजून घ्यायचं असेल तर दैनिक ठेवीच्या एजंटबरोबर एक दिवस फिरा. संध्याकाळी तो दुकानादुकानात जातो. कुणी पाच रुपये देतो, कुणी वीस. दहा मिनिटं उभा राहतो, पावती फाडतो, गप्पा मारतो. त्या गप्पांतून त्याला कळतं की अमक्याचा धंदा महिनाभर थंड आहे, तमक्यानं नवा फ्रीज घेतला, फलाण्याचा मुलगा पुण्याहून परत आला. वर्षअखेर त्या पाच-पाच रुपयांचे अठराशेच्या वर होतात. ज्याला कधी कुणी पतदार म्हटलं नव्हतं त्याच्या पासबुकात रोज भरणा केल्याचा पुरावा तयार होतो. त्या पुराव्यावर कर्ज मिळतं. मोठ्या बँकेला ही माणसं दिसत नव्हती, कारण तिचा माणूस संध्याकाळी पाच वाजता कुलूप लावून घरी जात होता.

वर्षं झपाट्यानं जातात. संस्था घाट उतरून खाली येते, जिल्ह्याबाहेर जाते, महाराष्ट्राबाहेर जाते, बहुराज्यीय होते. सोनेतारण, वाहनकर्ज, लॉकर. बुलडाण्यात सहकार विद्या मंदिर उभं राहतं. माहूरला, तिरुपतीला जाणाऱ्या माणसाला तिथं बुलडाणा अर्बनची राहण्याची जागा मिळते, आणि परमुलखात आपल्या गावाचं नाव पाटीवर वाचून त्याला जे वाटतं ते व्याजदराच्या तक्त्यात मावत नाही. एका लहान जिल्हागावच्या पतसंस्थेच्या शाखा चारशेच्या वर गेल्या, ठेवी हजारो कोटींत गेल्या. जिल्ह्यात नुसतं 'अर्बन' म्हटलं तरी लोकांना कळतं.

इथं तुम्हाला थोडं बाजूला घेतो. बारा हजारांचं हजारो कोटी झालं, या गोष्टीच्या प्रेमात पडायला वेळ लागत नाही. पण ७२ सभासद एकमेकांना ओळखत होते. लाखो सभासद एकमेकांना ओळखू शकत नाहीत. त्या ओळखीची जागा कशानं भरायची, हा प्रश्न वाढणाऱ्या प्रत्येक सहकारी संस्थेपुढं उभा राहतो. तो सोडवला नाही तर काय होतं, हे पाहायला आपल्याला जिल्ह्याबाहेर फारसं जावं लागणार नाही.

२०१२. तुम्ही ठेवीदार आहात. बुलडाणा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या शाखेत उभे आहात, हातात पासबुक आहे, मुलीचं लग्न आहे. परवाना नसलेली एकही सहकारी बँक २०१२ च्या मार्चनंतर चालू ठेवायची नाही असं रिझर्व्ह बँकेनं ठरवलेलं आहे, आणि परवान्यासाठी लागणारं भांडवलाचं किमान प्रमाणही या बँकेकडे नाही. महाराष्ट्रात नागपूर, वर्धा आणि बुलडाणा या तीन जिल्हा बँका शेवटपर्यंत या यादीत राहिल्या. तीनही विदर्भातल्या. कॅशिअर तुमच्याकडे पाहत नाही. 'भाऊ, वरून पैसेच आले नाहीत,' म्हणतो. तोही याच तालुक्यातला आहे, त्याच्या सासऱ्याची ठेवही इथंच आहे. तुमच्या मागं उभ्या असलेल्या म्हातारीनं निराधार योजनेचे पैसे काढायला तिसऱ्यांदा खेप घातलीय. ती काही बोलत नाही, पिशवी घट्ट धरून ओट्यावर बसते.

२०१४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रानं चार राज्यांतल्या अशा २३ बँकांना उभं करायची योजना मंजूर केली. केंद्र, राज्य आणि नाबार्ड मिळून २,३७५ कोटी रुपयांची. त्या २३ मधल्या सोळा बँका उत्तर प्रदेशातल्या आणि तीन आपल्या. जनतेच्या पैशानं बँक वाचवली ते योग्यच झालं, कारण तिच्याविना सोसायटी पोरकी आणि सोसायटीविना पेरणी पोरकी. पण ज्या वर्षांत पीककर्ज वाटप आटलं, त्या वर्षांत तुम्ही बी कुठून आणलं? १८७० च्या दारातून. गावात अजूनही एक माणूस मध्यरात्री दार उघडत होता, आणि या खेपेला तो इसारपावती करून घेत होता.

मग २०१५. शेजारच्या जळगाव जिल्ह्यातली भाईचंद हिराचंद रायसोनी ही बहुराज्यीय पतसंस्था कोसळली आणि तिचे पदाधिकारी तुरुंगात गेले. घाटाखालच्या गावांत त्या दिवसांत कुठल्याही पतसंस्थेच्या दारात गेलात तरी लोक एकच विचारत होते: 'आपली बरी आहे ना?' पुढं २०२१ च्या नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेनं मलकापूर अर्बन बँकेवर निर्बंध घातले. खातेदाराला दहा हजारांच्या वर रक्कम काढता येईना. ५ जुलै २०२३ ला त्या बँकेचा परवानाच रद्द झाला. ती बँक होती म्हणून तिच्या ठेवींना पाच लाखांपर्यंत ठेव विमा महामंडळाचं संरक्षण होतं, आणि सत्त्याण्णव टक्क्यांहून जास्त ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळण्याची तजवीज होती. पतसंस्थेच्या ठेवीला हे छत्र नाही. बोलताना आपण दोन्हींना 'अर्बन' म्हणतो, दोन्हींकडे पासबुक असतं, दोन्हींकडे काउंटर असतो. कायद्याच्या नजरेत त्या वेगळ्या जातीच्या आहेत. बँकेवर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते. बहुराज्यीय पतसंस्था केंद्रीय निबंधकाच्या ताब्यात येते, आणि तो दिल्लीत बसतो. २०२३ मध्ये बहुराज्यीय सहकारी संस्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन निवडणूक प्राधिकरण आणि लोकपाल आले, तेही उशिराच. ठेव ठेवणाऱ्या प्रत्येक माणसाला हा फरक तोंडी सांगणं हे शाखेतल्या माणसाचं काम आहे असं मला ठामपणे वाटतं. फॉर्मच्या मागच्या बारीक अक्षरांचं ते काम नाही.

हे सगळं पाहिल्यावर थोडं मागं नेऊन तुम्हाला ट्रॅक्टरवर बसवतो. साल २०२१, दिवाळी तोंडावर. चिखलीच्या बाजूची काळी जमीन, सोंगणी झालेली, मळणी यंत्रातून निघालेलं सोयाबीन ट्रॉलीत, वीस क्विंटल. केसांत, भुवयांत, कानांत कुटाराची धूळ. ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलं होतं. तेव्हा तुमच्याकडे दाणा नव्हता. सरकारनं सोयापेंड आयात करायला परवानगी दिली, आणि आता तुमच्याकडे दाणा आहे तर भाव पाच हजारांच्या आसपास आहे. मजुरी द्यायची आहे, मळणीवाला फोन करतोय, कृषी केंद्राची उधारी आहे, पोरांना कपडे हवेत. जिल्ह्यात सोयाबीन-कापसासाठी शेतकरी नेते रविकांत तुपकरांचं आंदोलन पेटतंय. अडत्या म्हणतो, 'आज टाका, उद्याचं कोण सांगतं.' दीडशे वर्षांपूर्वी खामगावात ऐकलेलं वाक्य, शब्द जरा वेगळे.

आज तुम्ही ट्रॅक्टर अडतीकडे न नेता गोदामाकडे वळवता. शेतमाल ठेवून घेऊन त्यावर कर्ज देणं, हे बुलडाणा अर्बननं शेकडो गोदामं उभी करून मोठ्या प्रमाणावर केलेलं काम. राज्याच्या पणन मंडळाची शेतमाल तारण योजनाही १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत चालते: किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत, सहा महिन्यांसाठी, सहा टक्के व्याजानं. ती चांगली आहे. तुमच्या बाजार समितीत जागा आणि निधी असेल तर आधी तिथंच जा. नसेल तर हे दार आहे.

काट्यावर ट्रॉली चढते. हमाल चाळणीवर माल ओततो, खडा-माती बाजूला पडते. ओलावा मोजायच्या यंत्रात मूठभर दाणे जातात. ओला माल घेत नाहीत, थप्पीत तापतो आणि शेजारच्या पोत्यालाही बिघडवतो. मग पोती भरून, शिवून, फळ्यांवर रचली जातात. तुमच्या नावाची पावती बनते: वजन, प्रत, तारीख. त्या दिवसाच्या भावानं किंमत काढून तिच्या ठरावीक हिश्श्याइतकं कर्ज तुमच्या खात्यात पडतं. सातबारा नको, जामीनदार नको. तारण म्हणून स्वतः पिकवलेलं पीक आहे, आणि ते अजून तुमचंच आहे.

कारकून विचारतो, 'किती दिवस ठेवता, भाऊ?'

हा प्रश्न तुमच्या घराण्यात आजवर कुणाला कुणी विचारला नव्हता. क्षणभर तुम्हाला उत्तर सुचत नाही.

हिशेब करू. भाव पाच हजार धरा, माल एक लाखाचा. सत्तर टक्के कर्ज धरलं तर सत्तर हजार हातात. मजुरी, उधारी, कपडे, सगळं भागलं. व्याज वर्षाला बारा टक्के धरा, सहा महिन्यांचे चार हजार दोनशे. वरून गोदामाचं भाडं. २०२२ च्या वसंतात, युक्रेनमध्ये लढाई पेटलेली आणि खाद्यतेल महागलेलं, सोयाबीन सात हजारांवर गेलं. वीस क्विंटलचे एक लाख चाळीस हजार. खर्च वजा जाऊनही पस्तीस हजारांच्या आसपास तुमच्या पदरी पडले. १८७० मध्ये हेच पस्तीस हजार वखारवाल्याचे होते.

मी इथंच थांबलो तर तुमची फसवणूक केल्यासारखं होईल. पुढच्या वर्षी, २०२२ च्या दिवाळीत, साहजिकच सगळ्यांनी माल ठेवला. शेजाऱ्यानं ठेवला, मेहुण्यानं ठेवला, घरात जागा नव्हती त्यानं पडवीत ठेवला. पाच-साडेपाच हजार भाव होता, लोक सात हजारांची वाट पाहत होते. आणि भाव महिन्यामागून महिना उतरत गेला. पाच हजारांना ठेवलेला माल चार हजार सातशेला विकला, तर सहा हजारांची तूट आणि वर व्याज. दहा हजारांहून जास्त खड्डा. ताकद मिळाली म्हणून शहाणपण आपोआप मिळत नाही, आणि सोयाबीनचा जागतिक भाव ठरवणाऱ्या शिकागोच्या बाजारात काय चाललंय हे थप्पीवर बसून दिसत नाही.

म्हणून माझं गोदामवाल्यांकडे एक मागणं आहे, आणि ते मी अगदी मनापासून मागतोय. तुम्ही शेतकऱ्याला थांबायला जागा दिली, आता थांबताना दिवा द्या. रोजचा भाव पाटीवर लिहा. जवळच्या चार बाजार समित्यांचा लिहा. कर्जाचं व्याज आजवर किती झालं आणि अमुक भावाच्या खाली गेलं तर ठेवणं तोट्याचं, तो आकडा दर महिन्याला शेतकऱ्याच्या मोबाइलवर पाठवा. दैनिक ठेवीचा एजंट दुकानदाराशी दहा मिनिटं बोलत होता, तसं गोदामाच्या माणसानं बोलायला हवं. १९८६ च्या त्या ७२ जणांची एकमेकांशी असलेली ओळख लाखो सभासदांत टिकवायची असेल, तर ती अशा रोजच्या कामांतून टिकेल.

शेवटचा थांबा, २०२३ चा जून. मृग लागलाय, आभाळ भरून येतंय आणि तुमची वीस क्विंटल अजून थप्पीत आहेत. बी घ्यायचं आहे, खत घ्यायचं आहे. भाव गेल्या दिवाळीपेक्षा खाली. तुम्ही पावती काउंटरवर ठेवता.

'सगळं काढता?' कारकून विचारतो.

तुम्ही पावतीच्या मागच्या बाजूला पेननं आकडे मांडता, कारकूनही खुर्ची पुढे ओढून तुमच्याबरोबर मांडतो. कर्ज फिटून बियाण्यापुरते पैसे हातात यायला अठरा क्विंटल विकावे लागतात. उरलेले दोन ठेवायचे की तेही काढून गोदामाचं भाडं बंद करायचं, यावर तुमचं आणि त्याचं पंधरा मिनिटं चालतं. तो काढा म्हणतो. तुम्ही ठेवतो म्हणता. शेवटी तुम्ही एक काढता, एक ठेवता, तो पावतीवर नवी तारीख घालतो आणि हमालाला हाक मारतो.